महिला गट, गाडी क्रमांक सात

रविवार, ५ मे २०२४. देवळी.

सकाळी प्रफुल्ल येऊन गेला. आमच्या शाळेचा विद्यार्थी. नववीला गणितात पस्तीस मार्क, त्यातला शेवटचा मार्क मी दयेने दिलेला. आता वर्ध्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि पोट सुटलं आहे. तो आणि त्याचे मित्र सेलूजवळच्या बंद पडलेल्या मुरुमाच्या खदानीत गाड्यांची शर्यत भरवणार आहेत, २६ तारखेला. बक्षीस समारंभाला मी हवी.

"मॅडम, तुमच्याच हातानं द्याचं हाये बक्षीस. कमिटीत पाच जण तुमच्या हातचा मार खाल्लेले हायेत."

गट किती, विचारलं. जीपवाले, घरगुती गाडीवाले आणि महिला. महिलांमध्ये दोनच नावं आली आहेत. तीन झाली नाहीत तर गट रद्द.

मी म्हटलं, "माझं नाव लिही."

तो हसला. माझ्याकडे पाहून थांबला. "मॅडम, खदान हाये ते. गोटेच गोटे. ट्रॅक्टरची चाकं फुटतात तेथं."

"खदान म्हणजे काय ते मला माहीत आहे. घनफळाच्या पेपरात खदानीचंच उदाहरण होतं. तुझं चुकलं होतं."

नाव लिहून घेतलं. गाडी क्रमांक सात.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःशी वाद नको. काल महिला मंडळात शेजारच्या मंजुषाने अकरा बायकांसमोर विचारलं, "सुमतीताई, तुमची गाडी तर कमलाबाईची अँब्युलन्स झाली. तुम्हाला बसायचं असलं तर आधी नंबर लावावा लागतो का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. उसाचा रस होता, तो तसाच ठेवला.

मंगळवार, ७ मे

मंगळवार आणि शुक्रवार. साडेआठला अच्युत गाडी पुसतो, नऊला निघतो. (नवऱ्याला तोंडाने "अहो" म्हणते. वहीत अच्युत लिहिते, ते सोपं पडतं.) कमलाबाईचं गाव देवळीपासून नऊ किलोमीटर आत. तिथून तिला घ्यायचं, सावंगीच्या दवाखान्यात डायलिसिसला न्यायचं, चार तास बाहेर बाकावर बसायचं, परत सोडायचं. एक वर्ष दोन महिने झाले. आधी ती बसने जायची. परतताना एकदा स्टँडवर चक्कर येऊन पडली. ते अच्युतने पाहिलं आणि त्या दिवसापासून हे सुरू झालं. मला विचारलं नाही. सांगितलं. लग्नाच्या बेचाळीस वर्षांत त्याने न विचारता केलेली ही एकच गोष्ट असेल.

कमलाबाई आमच्या शाळेत शिपाई होती. १९९८ मध्ये मी प्रभारी मुख्याध्यापिका असताना तिने गैरहजर दिवसाची मस्टरवर सही केली. विचारलं तर म्हणाली, शाळेतच होते. खोटं. मुलीला ताप होता म्हणून वर्ध्याला गेली होती. ते सांगितलं असतं तर मी एक दिवसाची रजा मांडली असती. मी खुलासा मागवला, तिला तो देता आला नाही, तिची नोकरी गेली. पत्र अच्युतनेच टाइप केलं. तो शाळेत क्लार्क होता. सही माझी.

त्यानंतर ती लोकांच्या शेतात कापूस वेचायची. मूत्रपिंडं बिघडायला त्याचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांना विचारून घेतलं आहे.

पुढच्या सीटवर मी एक जुना टॉवेल टाकून ठेवते. डायलिसिसच्या जागेतून कधी कधी रक्त येतं, म्हणून. ती उतरली की टॉवेल वेगळा धुते.

शुक्रवार, १० मे

अक्षय्य तृतीया. अच्युतने गाडीला हार घातला. तेव्हाच सांगितलं.

त्याने गाडीकडे पाहिलं. पांढरी, अकरा वर्षांची. मागच्या सीटची प्लास्टिकची कव्हरं अजून काढलेली नाहीत.

"तुझा हात कडक आहे," म्हणाला. हे तो मी छप्पन्नाव्या वर्षी लायसन काढलं तेव्हापासून म्हणतो.

"गाडी घराची आहे ना?"

"घराचीच आहे."

"मग?"

"मंगळवारी लागते." कापड घेऊन आरसा पुसायला लागला. तो आधीच स्वच्छ होता. "रविवारी काय करायचं ते कर. मंगळवारी नऊला मला ती धड पाहिजे. शुक्रवारनंतर चार दिवसांचा खंड पडतो. मंगळवार चुकला तर तिच्या छातीत पाणी भरतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं आहे."

मी म्हटलं, मिळेल. शब्द दिला की मी पाळते, हे त्याला माहीत आहे. पुरणपोळी एकच खाल्ली.

बुधवार, १५ मे

रोज पहाटे सव्वापाच ते सहा सराव. यवतमाळ रोड सोडून धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांच्या बांधाबांधाने, नांगरलेल्या वावरातून. मालक ओळखीचे आहेत, तरी एकाने काठी उगारली. काच खाली केली तर ओशाळून म्हणाला, "बाई, तुम्ही होय? मले वाटलं पोट्टे हायेत."

गाडीला पहिल्यांदा मी हवं तसं वापरते आहे. दुसऱ्या गिअरवर चढ घेताना ती कुरकुरते. कुरकुरू दे. अकरा वर्षं तिला तांदळासारखं निवडून, पाखडून ठेवलं आहे.

अच्युतची एक सवय इथे नोंदवते. गाडी उभी केली की तिच्या पोटाखाली वर्तमानपत्राचा कागद पसरतो, कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख टाकतो, आणि गाडी काढण्याआधी वाकून पाहतो. डाग पडला तर काहीतरी गळतं आहे असं समजायचं. अकरा वर्षांत एकदाच डाग निघाला, तोही मांजराचा होता. रिटायर्ड क्लार्कला तपासायला काहीतरी लागतंच.

मंगळवार, २१ मे

आज अच्युतला पतसंस्थेत काम होतं, म्हणून कमलाबाई जीपने इथपर्यंत आली आणि अर्धा तास आमच्या व्हरांड्यात बसली. मी भाजी निवडत होते. पाय सुजलेले. हातावर डायलिसिससाठी केलेली ती फुगलेली शीर, दोरखंडासारखी.

"मोठ्या बाई, शर्यतीत चालल्या म्हणे?"

"हो."

"मलेबी घेऊन चाला. मले धक्क्याची आदत हाये. साहेब तं अशी चालवतात का झोप लागते." हसली. दात कमी झालेत. "पट्टा लावजो बरं. अन् पाणी पेत राह्यजो. तुमाले पेता येते तं प्या. मले दिवसभरात एवढंच." बोटांनी पेल्याचं माप दाखवलं.

मी म्हटलं, "साहेबांना किती दिवस त्रास देणार आहेस?"

तिने अंगणात उभ्या गाडीकडे पाहिलं. "मी तं पयल्याच दिवशी नाई म्हटलं होतं, बाई. ते आयकत नाई. म्हणतात, मले टायपिंग येत नसतं तं बरं झालं असतं." मग म्हणाली, "तुमचं काई चुकलं नव्हतं. मी खोटंच बोलली होती त्या दिवशी. भेव लागलं होतं तुमचं."

सव्वीस वर्षांनी का होईना, कबूल केलं. मी हे अच्युतला सांगणार आहे. टायपिंगचं काय ते मला कळलं नाही. त्याचं टायपिंग चांगलं होतं, मिनिटाला चाळीस शब्द.

गुरुवार, २३ मे

बुद्धपौर्णिमा. कमलाबाईने अच्युतच्या हाती डबाभर खीर पाठवली. मी खाल्ली नाही. मला गोड चालत नाही. अच्युतने दोन वाट्या खाल्ल्या आणि डबा स्वतः घासला.

रविवार, २६ मे

सगळं क्रमाने लिहिते.

पहाटे पाचला निघाले, एकटी. अच्युत फाटकापर्यंत आला. "मंगळवार," एवढंच म्हणाला. मी मान हलवली.

खदान म्हणजे जमिनीत खोदलेली मोठी लाल परात. आत चुन्याच्या रेघा आणि झेंड्या लावून वाट आखली होती: एक चढ, एक उतार, टँकरने पाणी ओतून केलेला चिखल, आणि शेवटी नाल्याचं वळण, तिथे नुसते दगड. दोन फेऱ्या, दोन्हींची वेळ मिळून निकाल. मुलं टायरांवर बसली होती. माझी गाडी आत शिरली तेव्हा कोणीतरी ओरडलं, "आजी, देऊळ तिकडं हाये." मी गाडी थांबवली, उतरले, त्याच्यापर्यंत चालत गेले आणि नाव विचारलं. नाव सांगितलं त्याने, उभा राहून. परत आले.

महिला गटात मी, दातांच्या कॉलेजातली एक विद्यार्थिनी आणि हिंगणघाटची एक ब्यूटी पार्लरवाली. विद्यार्थिनी पहिल्याच फेरीत चिखलात रुतली आणि रडली. पार्लरवाली चांगली चालवत होती.

पहिल्या फेरीत मी सांभाळून चालवलं. दगड आले की ब्रेक. पंधरा सेकंदांनी मागे पडले. प्रफुल्ल खिडकीशी येऊन म्हणाला, "बस झालं मॅडम, सेकंड नंबर पक्का हाये. घरची गाडी हाये, कायले तोडता?"

घरची गाडी. त्या सीटवरचा टॉवेल मला दिसला. सकाळी काढायचा राहिला होता. तिच्या डोक्याच्या तेलाचा वास गाडीत असतो, कितीही धुतलं तरी. मी टॉवेल काढून मागे फेकला.

दुसऱ्या फेरीत ब्रेक लावला नाही.

चढावर इंजिन किंचाळलं. उतारावर गाडी हवेत गेली, असं नंतर सांगतात. मला पोट हलकं झाल्याचं तेवढं आठवतं. चिखल काचेवर असा आला की काही दिसेना. मी झेंड्या मोजून ठेवल्या होत्या, मोजत वळले. नाल्याच्या वळणावर खालून "ठण्ण" आवाज आला. पितळी घागर विहिरीच्या काठावर आपटावी तसा. मग सगळं मागे पडलं.

वीस सेकंदांनी पहिली आले.

कोणीतरी व्हिडिओ काढला आहे. त्यात मी हेल्मेट काढते आणि हसते. तोंड उघडं, दात दिसतील असं. असं हसल्याचं मला आठवत नाही, पण ती मीच आहे. पेढे वाटले, दोन खाल्ले. चषक सोनेरी आहे, हलका आहे. बक्षीस माझ्या हस्ते द्यायचं होतं, ते मलाच द्यावं लागलं म्हणून प्रफुल्लने दिलं. पाया पडला.

निघताना प्रफुल्लने वाकून गाडीखाली पाहिलं. बोट लावून वर आला, बोट काळं.

"मॅडम, चेंबरले मार लागला. इंजिनाचं तेल थेंब थेंब गळून राह्यलं. बारीक चीर हाये. आत्ता घरी जाल, काई नाई. पण उद्याच गॅरेजले दाखवा. तेल सपलं तं इंजिन जाम होते, मंग काईच करता येत नाई."

"बघते," म्हटलं.

सेलूलाच गाडी धुऊन घेतली. टॉवेल झटकून जागेवर टाकला. घरी साडेचारला. अच्युत गाडीभोवती दोनदा फिरला. बंपरवरचा ओरखडा पाहिला. चषक हातात घेतला, नाव वाचलं. खरोखर आनंद झाला त्याला. मग विचारलं, "खाली काही लागलं का?"

"काही लागलं नाही."

"नक्की?"

"मी सांगते आहे ना."

मग मान हलवून कागद पसरायला गेला.

सोमवार, २७ मे

पाचला उठून कागद पाहिला. मधोमध पुरीएवढा डाग, काळा, खालच्या फरशीपर्यंत उतरलेला.

देवळीत एकच बरं गॅरेज आहे, रूपरावचं. तो आणि अच्युत संध्याकाळी एकाच पारावर बसतात. तिथे गाडी नेली तर दिवेलागणीपर्यंत अच्युतला कळेल. कळण्याबद्दल काही नाही. पण काल मी सांगितलं आहे, लागलं नाही म्हणून. बुधवारी अच्युत आर्वीला जाणार आहे, भाच्याकडे. त्या दिवशी वर्ध्याला नेऊन दुरुस्त करून आणते.

तोवर पुरेल का, हे पाहायला हवं होतं. अंदाजाने बोलणं मला आवडत नाही. घड्याळ लावून वाकून बसले. मिनिटाला एक थेंब. दहा मिनिटं मोजले, दहाच पडले. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला. दिवसाचे १४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर. इंजिनात तेल तीन लिटर. त्यातलं निम्मं जायलाही वीस दिवस लागतील. मी दोन दिवसांचा प्रश्न विचारत होते. चिंतेचं कारण नाही.

फरशी राखेने घासली. सात वाजायच्या मिनिटभर आधी डागाचा कागद काढून त्याच पेपराचं दुसरं पान पसरलं आणि कोपऱ्यात कालची तारीख टाकली. अच्युतचा सहा जरा डावीकडे कलतो. मी इतकी वर्षं त्याची रजिस्टरं तपासली आहेत, जमायला वेळ लागला नाही. डागाचा कागद घडी करून रद्दीत ठेवला. कागद फेकून देणं मला जमत नाही.

सातला अच्युतने पाहिलं. "कोरडा आहे," म्हणाला. एकटाच बोलत होता. मग त्या दिवसाच्या तारखेचा नवा कागद पसरला.

दुपारी मंजुषाचा फोन. व्हिडिओ तिच्या सुनेने पाहिला. उद्या दहाला चहाला बोलावलं आहे. "चषक घेऊन या हो," म्हणाली. आवाज जरा उतरलेला वाटला.

मंगळवार, २८ मे

अच्युत गाडी पुसून हात धुवायला आत गेला तेवढ्यात पुन्हा कागद बदलला. डाग कालच्यापेक्षा किंचित मोठा. तोही कागद रद्दीत ठेवला. नऊला अच्युत निघाला. निघताना वाकून पाहिलं. कागद कोरडा होता.

मी दहाला मंजुषाकडे गेले. चषक टेबलावर ठेवला. सात-आठ जणी होत्या. मंजुषाचा नवरा म्हणाला, "आमच्या हिला स्कूटी बाहेर काढायची तर दोन माणसं लागतात." सगळ्या हसल्या, मंजुषा सोडून. मी चढ, उतार, चिखल सगळं सांगितलं.

दहा वाजून पाच मिनिटांनी अच्युतचा फोन आला. मला वाटलं, गळती त्याच्या लक्षात आली. एवढ्या बायकांत ते बोलणं शक्य नव्हतं. फोन पालथा ठेवला. पुन्हा वाजला. मंजुषा म्हणाली, "घ्या ना." मी म्हटलं, "चावी सापडत नसेल." एकूण सात वेळा आला, दहा पाच ते दहा पन्नास. मंजुषाची गाडी दारातच उभी होती. तिचा नवरा घरीच होता.

घडलं ते असं, अच्युतने संध्याकाळी सांगितलं त्याप्रमाणे. कमलाबाईला घेऊन गावाबाहेर दोन किलोमीटर आला, तर तेलाचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिनाने आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा फिरली नाही. मागे रस्त्यावर तेलाची धार लागली होती. दोन्ही बाजूंना कापूस संपून उलंगवाडी झालेली वावरं, झाड नाही. ऊन चव्वेचाळीस. देवळीच्या ऑटोवाल्याला फोन केला, तो भाडं घेऊन यवतमाळला गेलेला. मग मला. एक मोटारसायकल थांबली, पण कमलाबाईला तिच्यावर बसवेना. तिला सरळ बसून दम पुरत नव्हता, आडवं होऊन तर अजिबात नाही. गाडीत भट्टी झाली म्हणून तिला खाली गाडीच्या सावलीत बसवलं आणि सीटवरचा टॉवेल दोन हातांनी तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला. तिने पाणी मागितलं. त्याने दिलं नाही, कारण मापाबाहेर द्यायचं नाही. सव्वाअकराला एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीतून हमरस्त्यापर्यंत, तिथून ऑटो. सावंगीला पोचायला एक वाजला. दोन वाजता गेली.

ट्रॉलीत काय बोलली, विचारलं मी.

"म्हणाली, साहेब, पयल्यांदा धक्के बसून राह्यले तुमच्या गाडीत."

देवळीहून त्या जागी जायला दहा मिनिटं लागतात.

"फोन का नाही घेतलास?"

"मंजुषाकडे होते. गलका होता."

ते खरं आहे.

टॉवेल भिजत घातला.

गुरुवार, ३० मे

काल अंत्यविधी झाला. अच्युत गेला होता, आर्वीचं रद्द केलं. गाडी अजून त्या रस्त्यावरच आहे. रूपराव उद्या ओढून आणणार.

आज तिची मुलगी नंदिनी भेटायला आली. नागपूरला नर्स आहे. सव्वीस वर्षांपूर्वी ताप आला होता ती हीच. उंच झाली आहे, आईसारखी वाकत नाही. दारात चपला काढल्या, आत आली नाही. मी बस म्हटलं, तर व्हरांड्याच्या पायरीवर बसली.

"मॅडम, तुमचे आभार मानायचे होते. सव्वा वर्ष तुम्ही स्वतःची गाडी दिली आईला. इतकं कोणी करत नाही. आई म्हणायची, मोठ्या बाईंनी मनात ठेवलं नाही."

अच्युत माझ्याकडे पाहत होता.

मी म्हटलं, "कर्तव्य होतं."

तिने वाकून नमस्कार केला. खिरीचा डबा अच्युतने आणून दिला. रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर घातली होती.

शुक्रवार, ३१ मे

साडेआठला अच्युतने बादली आणि कापड घेतलं, फाटकापर्यंत गेला. गाडी नाही. तिथेच उभा राहिला. नऊ वाजता आत आला.

दुपारी रूपरावने गाडी ओढून आणली. अच्युत घरात नव्हता तेव्हा मला म्हणाला, "मॅडम, चेंबरची चीर बोटभर मोठी हाये. दगडाचा मार हाये तो, जुना, दोन-चार दिवसांचा." मी म्हटलं, उभ्या गाडीत मिनिटाला एकच थेंब पडत होता. तोंडातून गेलं. तो हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "उभ्या गाडीत पडन ना एकच. इंजिन चालू झालं का आतून पंप मारते. गरम तेल पाण्यावानी पातळ होते. मोटर बंद असल्यावर नळ बी थेंबथेंबच गळते, मॅडम."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात दिलेल्या माहितीवरच उदाहरण सोडवायचं असतं.

रविवार, २ जून

सकाळी रद्दीवाला आला. रद्दी अच्युत बांधतो, तारखेप्रमाणे लावून, वीस वर्षांची सवय. मी स्वयंपाकघरात होते. बराच वेळ झाला, वजनाचा आवाज येईना. बाहेर पाहिलं तर रद्दीवाला गेला होता आणि अच्युत घरात नव्हता.

जेवणाच्या टेबलावर चार कागद होते. सव्वीस तारखेचे दोन, सत्तावीसचे दोन. प्रत्येक जोडीत एक डागाचा, एक कोरडा. सहाचे आकडे त्याने पेन्सिलीने गोल केले होते, माझा आणि त्याचा. पंख्याने उडू नयेत म्हणून वर चषक ठेवला होता. चषकाखाली एक फुलस्केप. टाइप केलेला नाही, हाताने लिहिलेला, समास सोडून:

"श्रीमती सुमती यांस. दिनांक २६ रोजी आपणांस प्रत्यक्ष विचारणा केली असता आपण असत्य निवेदन केले, तसेच दिनांक २७ व २८ रोजी कागदावर खोटी नोंद केली, असे निदर्शनास आले आहे. आपल्या या कृत्यामुळे झालेली हानी भरून येण्यासारखी नाही. तरी आपणांवर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांच्या आत सादर करावा. मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल."

शेवटची दोन वाक्यं माझी आहेत. १९९८ ची. शब्दही बदललेला नाही. त्याला पाठ होती.

जावक क्रमांक नाही, म्हणजे नियमाप्रमाणे उत्तर देण्याचं बंधन नाही. तरी कागद घेऊन बसले. "खुलासा" असं वर लिहून खाली रेघ मारली. पहिलं वाक्य सुचेना. मग समासात गणित पुन्हा करून पाहिलं. मिनिटाला एक थेंब, चौदाशे चाळीस, बहात्तर मिलिलिटर, वीस दिवस. दोनदा केलं.

उत्तर बरोबर आहे.

अच्युत संध्याकाळी परत आला. कुठे गेला होता ते सांगितलं नाही. पावलं लाल धुळीने भरली होती, बहुधा कमलाबाईच्या गावाला चालत गेला असेल, नऊ किलोमीटर जायचं, नऊ यायचं. मी ताट वाढलं. तो बसला नाही. टेबलाकडे पाहून विचारलं, "लिहिलास?"

मी म्हटलं, "अजून दोन दिवस आहेत."